मुलाच्या वर्तनाची रोजकीर्द

नोंदीविषयी मराठी माणसाला फार जुना आदर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांकडे जाऊन एकेक आठवण विचारून घेतली आणि त्या आठवणींतून लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या दफ्तरात अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. सरकारी सेवेच्या निमित्ताने परप्रांती राहणाऱ्या आपल्या वाचकांस तर नोंदीचे माहात्म्य वेगळे सांगावयास नको. कागदावर जे नाही ते घडलेच नाही, या न्यायानेच त्यांचा दिवस चालतो. परंतु फाइल हातभर जाड व्हावी आणि ज्या प्रश्नासाठी ती उघडली तो प्रश्न मात्र तिच्यात कोठेच सापडू नये, हाही अनुभव त्यांच्या परिचयाचा आहे. प्रस्तुत लेखात ज्या नोंदीचा इतिहास सांगावयाचा आहे तिच्या वाट्याला हा मान आणि ही विटंबना, दोन्ही आलेली आहेत. ती नोंद म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलाच्या वर्तनाची.

आज ही नोंद अनेक घरांत मोबाइलवर होते. मूल भिंतीवर डोके आपटू लागले की आई पडद्यावरील खुणेवर बोट ठेवते. वेळ आपोआप टिपली जाते. मूल थांबले की ती पुन्हा बोट ठेवते. किती वेळ हे चालले तेही टिपले जाते. आठवड्याच्या शेवटी त्याचा आलेख तयार होतो आणि शेकडो मैलांवरील तज्ज्ञाच्या हाती क्षणात पडतो. साधन नवे आहे आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना त्याचा आधारही मोठा वाटतो. परंतु साधनामागील कल्पना सव्वादोनशे वर्षांची आहे. तिचा मागोवा घेतला असता एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. वही मुलाच्या नावाने उघडली जाते खरी, पण तिचे चीज होते ते तीत भोवतालच्या मोठ्या माणसांचे वर्तनही लिहिले जाते तेव्हाच.

या इतिहासाचा प्रारंभ फ्रान्समध्ये झाला. १८०० सालच्या जानेवारीत आव्हेराँ प्रांतातील अरण्यातून सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. त्याला बोलता येत नव्हते. अंगावर धड वस्त्र नव्हते. पॅरिसला आणल्यावर पिनेल यांच्यासारख्या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ मनोवैद्याने त्याची परीक्षा केली आणि हा मुलगा जन्मजात मंदबुद्धी असून त्याच्या बाबतीत सुधारणेची आशा नाही, असा अभिप्राय दिला. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील ईतार नावाच्या तरुण डॉक्टरास मात्र तो पटला नाही. त्याने मुलाला आपल्या देखरेखीखाली घेतले, त्याचे नाव व्हिक्टर ठेवले, आणि १८०१ व १८०६ साली त्याच्या प्रगतीचे दोन अहवाल लिहिले. विशेष मुलाच्या वर्तनाची इतकी तपशीलवार व दीर्घकाळ ठेवलेली नोंद त्यापूर्वी क्वचितच कोणी केली असेल.

त्या अहवालांतील दोन प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. कानाजवळ पिस्तुलाचा बार काढला तरी हा मुलगा दचकत नसे. परंतु त्याच्या पाठीमागे कोणी हलकेच अक्रोड फोडला तर तो चटकन मान वळवी. म्हणजे कान बधिर नव्हते. ज्या आवाजाला त्याच्या जीवनात अर्थ होता तोच आवाज त्याला ऐकू येत होता. बार ऐकूनही हलत नाही, एवढेच लिहून ईतार थांबला असता तर पिनेलचा अभिप्राय खराच ठरला असता.

दुसरा प्रसंग अधिक हृद्य आहे. मुलाची शुश्रूषा करणाऱ्या मादाम गेरँ यांच्या पतीचे निधन झाले. जेवणाचे मेज मांडणे हे व्हिक्टरचे काम असे. त्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे गृहस्वामीचेही ताट मांडले. ते पाहून मादाम गेरँ यांना रडू कोसळले. मुलाने त्यांच्याकडे पाहिले, खिन्नपणे ते ताट उचलून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. या नोंदीत मुलाची कृती आहे, पण त्या बाईंचे अश्रूही आहेत. अश्रू वगळले तर काय उरते? मुलाने एक ताट मांडले व एक ताट काढले, एवढेच.

व्हिक्टर अखेरपर्यंत बोलू शकला नाही. १८२८ साली तो वारला, तोपर्यंत त्याचा सांभाळ मादाम गेरँ यांनीच केला. ईतारने आपला प्रयत्न पुरता सफल झाला असे मानले नाही. परंतु ती वही वाया गेली नाही. त्याचा शिष्य सेगँ याने मंदबुद्धी मुलांसाठी शिक्षणपद्धती रचली आणि पुढे ती अमेरिकेत नेली. रोमच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरून काढले. १९०० साली त्या रोममध्ये मंदबुद्धी मुलांच्या शिक्षकांसाठी काढलेल्या विद्यालयाच्या चालक झाल्या, आणि तेथे जे हाती लागले ते त्यांनी १९०७ साली सान लोरेंझोच्या वस्तीतील सामान्य मुलांना लावून पाहिले. शिक्षकाने प्रथम निरीक्षण करावे आणि मगच शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. तोच विचार भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आला. तेथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे ताराबाईंनी तो विचार बोर्डी व कोसबाड येथील आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेला. आपली धडधाकट मुले ज्या बालवाडीत रमतात तिच्या पायाशी एका मुक्या रानमुलाची वही आहे. हे ऋण सहसा कोणाच्या स्मरणात नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या नोंदीला निराळे वळण लागले. कोणत्या मुलांना वर्गातील शिक्षण झेपत नाही हे ठरविण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ साली एक आयोग नेमला आणि त्याच कामातून १९०५ साली बिने व सिमाँ यांची बुद्धिमापनश्रेणी निर्माण झाली. आता पानोपानी वर्णन लिहावयास नको. एक अंक पुरेसा झाला. आपल्याकडे डॉ. वि. वा. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी या श्रेणीचे रूपांतर केले आणि त्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परक्या भाषेतील प्रश्न विचारून आपल्या मुलांना मंद ठरविण्यापेक्षा त्यांच्याच भाषेत त्यांना पारखावे, ही त्यामागील दृष्टी मोलाची होती. परंतु अंकाचा एक दोष भाषांतराने जात नाही. तो मुलाविषयी बोलतो, मुलाच्या परिस्थितीविषयी मौन पाळतो. बुद्धी ही कायमची ठरलेली राशी आहे असे मानणाऱ्यांचा स्वतः बिने यांनी १९०९ साली निषेध केला होता. तथापि त्यांची श्रेणी जेथे जेथे गेली तेथे तेथे हा इशारा मागेच राहिला. अंक हा मदतीचा आरंभ न राहता शिक्का होऊन बसला.

नोंद करणाऱ्याची कशी उपेक्षा होते याचे उदाहरण पुढे १९४३ साली घडले. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नता या अवस्थेला वैद्यकात स्थान मिळाले. त्या अकरांतील पहिल्या मुलाच्या वकील वडिलांनी, डॉक्टरांची भेट होण्यापूर्वीच, मुलाच्या वर्तनाचा तेहतीस टंकलिखित पानांचा वृत्तांत पाठविला होता. शास्त्राला या अवस्थेची पहिली ओळख पटली ती अशा एका बापाच्या चिकाटीमुळे. परंतु त्याच निबंधात कॅनर यांनी आईबापांच्या या तपशीलवार टिपणांकडे त्यांच्या अतिरेकी, काटेकोर स्वभावाचा पुरावा म्हणून बोट दाखविले! पुढे मातापित्यांच्या थंडपणामुळेच मूल असे होते, हे मत बळावले. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने ते घरोघर पोहोचविले आणि असंख्य मातांना अपराधी ठरविले. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच या मताचे सप्रमाण खंडन केले होते. तरी तो डाग पुसून निघण्यास बरीच वर्षे जावी लागली. येथे भोवतालची माणसे नोंदीत आली होती, पण ती आरोपी म्हणून. त्यांचे वर्तन पाहणे वेगळे आणि त्यांच्यावर दोष लादणे वेगळे.

हा भेद स्पष्ट करण्याचे काम वर्तनशास्त्राने केले, जरी त्याचा स्वतःचा मार्गही निष्कलंक नव्हता. अमेरिकेत १९६८ हे या बाबतीत भरभराटीचे वर्ष ठरले. उपयोजित वर्तनविश्लेषणाला वाहिलेले नियतकालिक त्या वर्षी सुरू झाले. त्याच वर्षी ऑग्डन लिंडस्ली यांनी वर्तन मोजण्यासाठी गोल्फ खेळणाऱ्यांचे मनगटी गणकयंत्र सुचविले. गोल्फचे फटके मोजण्यासाठी केलेले ते यंत्र शिक्षकाने मनगटावर बांधावे आणि मुलाने अमुक कृती केली की खटका दाबावा. आजच्या मोबाइलचे पूर्वज शोधावयाचे तर ते या गोल्फच्या मैदानावर सापडतात.

याच वर्षी सिडनी बिजू व त्यांचे सहकारी यांनी जी रीत मांडली ती मात्र यंत्राहून महत्त्वाची होती. कागदावर तीन रकाने आखावयाचे. मधल्यात मुलाचे वर्तन, डावीकडच्यात त्याच्या लगेच आधी काय घडले ते, आणि उजवीकडच्यात त्यानंतर काय घडले ते. एखादा मुलगा वर्गात किंचाळतो, एवढीच नोंद असेल तर तो हूड ठरतो. तीन रकाने भरले की दिसून येते, की गणिताची पाटी पुढे आली म्हणजे तो किंचाळतो आणि किंचाळल्यावर त्याला वर्गाबाहेर काढले जाते. म्हणजे पाटी टळते. शिक्षक शिक्षा करीत आहे असे समजतो. प्रत्यक्षात तो मुलाला हवे ते देत असतो. तीन रकान्यांपैकी दोन मोठ्या माणसांनी व्यापलेले आहेत, हे या कागदाचे खरे मर्म होय.

ज्यांनी हे मर्म सोडले त्यांच्या हातून काय घडले, तेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्वमग्न मुलांचे वर्तन बदलण्यासाठी विजेचे धक्के दिले होते. नोंदी नेमक्या होत्या. आलेखाची रेषा खाली उतरलेली दिसत होती. मुलाच्या वेदनेला त्या तक्त्यात रकाना नव्हता. ज्यांचा स्वतःचा बालपणीचा काळ अशा उपचारांत गेला, त्या स्वमग्न माणसांनी प्रौढपणी या पद्धतीवर जी कठोर टीका केली आहे, तिचा रोख बहुतांशी येथेच आहे.

बदल घडविला तो वर्तनामागील हेतू विचारणाऱ्यांनी. ब्रायन आयवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली बाल्टिमोर येथेच, स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांचे निरीक्षण निरनिराळ्या परिस्थितींत केले : मूल एकटे असताना, काम सांगितले असताना, दुर्लक्षानंतर लक्ष मिळत असताना, आणि मोकळेपणे खेळत असताना. डोके आपटणे सर्वांचे सारखेच. पण कोणी कामातून सुटण्यासाठी ते करीत होते, कोणी लक्ष वेधण्यासाठी, तर कोणी बाहेरच्या कशाचीही अपेक्षा न धरता. १९८५ साली एडवर्ड कार व मार्क ड्युरंड यांनी पुढचे पाऊल टाकले. काम जड वाटते म्हणून आकांत करणाऱ्या मुलाला मदत मागण्याचे वाक्य शिकविले आणि लक्ष हवे असणाऱ्याला कामाविषयी विचारण्याचे. मोठ्या माणसांनी त्या वाक्यांना तत्परतेने प्रतिसाद दिला आणि आकांत ओसरला. ज्याला आपण वर्तनदोष म्हणत होतो ती शब्दांवाचून केलेली मागणी होती. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्याने, शिस्तीच्या विवक्षित प्रसंगी मुलावर कारवाई करताना वर्तनाचे असे हेतुपूर्वक परीक्षण शाळांस बंधनकारक केले.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. मद्रासमध्ये १९७५ साली जयचंद्रन व विमला यांनी अठरा विभागांत ३६० बाबींचा तक्ता सिद्ध केला. जेवण, कपडे, शौच, पैसे, वेळ, घरकाम अशा रोजच्या जीवनातील गोष्टी त्यात घेतल्या. मुलाला काय येत नाही यापेक्षा पुढचे काय शिकविता येईल, हे त्यातून दिसावे अशी योजना होती. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत रीटा पेशावरिया व व्यंकटेशन यांनी १९९२ साली भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाची श्रेणी तयार केली. कागद, पेन्सिल आणि धीर एवढ्याच साहित्यावर आपल्या विशेष शिक्षकांनी कित्येक वर्षे निभावून नेले.

मग मोबाइल आला. २००७ साली आयफोन, त्याच्या पुढच्याच वर्षी ॲपची बाजारपेठ आणि २०१० साली आयपॅड. कागदाच्या अडचणी त्याने खरोखर दूर केल्या. लेकराला सावरणाऱ्या आईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. ती रात्री बसून आठवणीने लिहिते आणि आठवण नेहमी ताज्या व तीव्र प्रसंगाकडे झुकते. बोटाच्या एका स्पर्शाने ही चूक टळते. अर्ध्या मिनिटाचे चित्रण वर्णनाच्या चार पानांचे काम करते. ज्याला बोलता येत नाही त्याला हेच यंत्र वाचाही देते. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले जेलो हे ॲप चित्रांवर बोट ठेवताच मराठीतही बोलते.

यापुढची पायरी म्हणजे यंत्रानेच निरीक्षण करणे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०२१ साली स्वमग्नतेच्या निदानास साहाय्य करणाऱ्या एका साधनास मान्यता दिली. त्यात पालकांनी मोबाइलवर घेतलेले चित्रण व प्रश्नोत्तरे यांचा उपयोग होतो. ४२५ मुलांच्या चाचणीत सुमारे दोनतृतीयांश मुलांबाबत या साधनाने कोणताच निर्णय दिला नाही. हे मी त्याचे भूषण समजतो. निश्चित सांगता येत नाही असे कबूल करणारा तज्ज्ञही दुर्मीळच असतो. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली ४७५ लहान बालकांवर केलेले असेच काम प्रसिद्ध केले. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेच्या सहभागाने दिल्लीतील सामान्य वस्त्यांत, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर टॅब्लेट नेऊन मुलांची पाहणी केली. ज्या देशात बालविकासाचे तज्ज्ञ मोठ्या शहरांपुरतेच आहेत तेथे या प्रयत्नाचे मोल कोण नाकारील?

तरीही इतिहासाने दिलेली कसोटी येथे लावून पाहिली पाहिजे. कॅमेऱ्याचे तोंड मुलाकडे असते. तो हाती धरणारा माणूस चित्रात येत नाही. मनगटावरील पट्टा नाडीचा वेग टिपतो. पण त्याच क्षणी शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली की बापाने आवाज चढविला, हे त्याला ठाऊक नसते. मोजणे जितके सुलभ होते तितका मधला रकाना भरत जातो आणि बाजूचे दोन रिकामे राहतात. मग दोनशे वर्षांनी आपण पुन्हा पिनेलच्या बाजूला जाऊन उभे राहतो. फरक एवढाच, की हाती आलेख असतो.

शिवाय ही वही आता घराच्या कपाटात राहत नाही. ती कोणाच्या यंत्रात साठते, तेथून कोठे जाते, हे आईला दिसत नाही. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक विदा-संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सर्वसाधारण मनाई आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी उपचार व शिक्षण देणाऱ्या संस्थांना मर्यादित सवलत दिली. उपचारासाठी ठेवलेली नोंद आणि पाळत यांतील रेषा आता अधिकाऱ्यांनाच ओढावयाची आहे. आपल्या वाचकांपैकी काहींच्या मेजावर ही प्रकरणे येतील, तेव्हा नोंद कोणाच्या उपयोगाची, मुलाच्या की ती साठविणाऱ्याच्या, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारावा.

बदलीच्या नोकरीत या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. ज्या घरी असे मूल आहे त्या घराला बदलीचा हुकूम म्हणजे नवी शाळा, नवा तज्ज्ञ, नवी भाषा आणि पहिल्यापासून सगळे सांगणे. अशा वेळी नीट ठेवलेली नोंद हाच मुलाच्या जीवनातील अखंड धागा असतो. मात्र तीत भाषेचाही उल्लेख हवा. घरी मराठीत पन्नास शब्द बोलणारे मूल पाटण्याच्या वा गुवाहाटीच्या चाचणीत मुके ठरू शकते. अशा मुलाशी घरात मराठी बोलू नका, एकच भाषा ठेवा, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. दोन भाषांत वाढल्यामुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अधिक हानी पोहोचते, असे या विषयावरील संशोधनात आढळलेले नाही. आईने ज्या भाषेत अंगाई म्हटली ती भाषा तोडण्यापूर्वी हे पालकांना कळले पाहिजे.

यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे. कागदाची वही असो की मोबाइल, तीत तीन रकाने असावेत आणि कडेच्या दोहोंत आपले नाव लिहिण्याची तयारी असावी. मुलाने काय केले याबरोबरच त्यापूर्वी आपण काय केले आणि नंतर काय केले, हे जो प्रामाणिकपणे लिहील त्याला महिन्याभरात दिसून येईल, की पहिला बदल मुलात घडवावयाचा नव्हता.